सुपडू आप्पांचा डावा पाय

सुपडू आप्पा माणसाच्या तोंडाकडे आधी पाहत नसत, पायांकडे पाहत. लग्न होऊन मी सुरतेला, नवागामच्या खोलीत आले, त्याच्या दुसऱ्याच दिवशी नवऱ्यानं मला त्यांच्याकडे नमस्काराला नेलं. देवळात नंतर नेलं, आधी आप्पांकडे. ते ओट्यावर बसले होते. त्यांनी माझ्या चपला पाहिल्या, मला चार पावलं चालायला लावलं आणि नवऱ्याला म्हणाले, "रघुनाथ, बाई डावा पायवर भार देस. कंबर सांभाळ म्हना तिले." नव्या नवरीला पाहून कोणी असं बोलतं का, म्हणून मला राग आला. चाळिशीत कंबर धरली ती डावीकडूनच धरली, तेव्हा राग गेला.

आप्पांना खेळताना मी कधीच पाहिलं नाही. हे आधीच सांगते, कारण ज्यांनी पाहिलं त्यांच्याकडून तुम्हाला निराळेच आप्पा ऐकायला मिळतील. मी आले तेव्हा त्यांची पन्नाशी उलटली होती आणि ते भेस्तानला एका लूमच्या कारखान्यावर वॉचमन होते. त्याआधी ते मिलमध्ये होते. मिलचा फुटबॉलचा संघ होता, आणि त्या संघात खानदेशातून आलेला, शाळेचं तोंड न पाहिलेला हा एक माणूस असा होता की सामन्याच्या दिवशी दुसऱ्या पाळीचे लोक खाडे करून मैदानावर जात. खांद्यापर्यंत केस, बुटांच्या नाड्या एकमेकींना बांधून बूट गळ्यात अडकवलेले, आणि स्वतः अनवाणी रमतगमत मैदानाकडे निघालेले. विरुद्ध बाजूच्या लोकांनी शिव्या घातल्या की वाकून त्यांना नमस्कार करायचे. हे सगळं ऐकलेलं. माझं माहेर नाशिककडचं, फुटबॉलशी माझा संबंध नाही, आणि अहिराणीही मला लग्नानंतर आली.

पण तो गोल मला पाठ आहे. नवागाम-डिंडोलीत आमच्या वयाच्या कोणत्याही बाईला पाठ असेल. रेल्वेच्या संघाशी सामना, बरोबरी, शेवटची दोन-तीन मिनिटं, आणि मिलला कॉर्नर मिळाला. कोपऱ्याजवळ भिलाकाका उभे होते. ते मिलच्या रंगखात्यात होते आणि आप्पांचे सगळ्यात जुने चाहते. आप्पांनी चेंडू ठेवला, भिलाकाकांच्या तोंडातली बिडी काढून घेतली, एक झुरका मारला, बिडी परत दिली आणि डाव्या पायानं मारलं. चेंडू कोणाच्या डोक्याला न लागता वळला आणि थेट जाळ्यात गेला. भिलाकाका सांगत, "बिडी माझ्या तोंडात परत आली तेव्हा विझली नव्हती आणि गोल झालेला होता." दर वर्षी चेंडू थोडा जास्त वळे. कॉर्नर मैदानाच्या कोपऱ्यातूनच मारतात एवढं मलाही कळतं, पण भिलाकाकांच्या गोष्टीत तो हळूहळू बाहेरच्या रस्त्यापर्यंत गेला होता.

आप्पा स्वतः हा गोल कधी सांगत नसत. रविवारी बऱ्याच कारखान्यांना सुट्टी, म्हणून सकाळी दहाच्या सुमाराला त्यांच्या ओट्यावर दहा-पंधरा माणसं जमत. कोणी हजीऱ्याच्या प्लांटवरून रात्रपाळी करून परस्पर येई, कोणी नातवाला कडेवर घेऊन. ते सांगत आणि आप्पा ऐकत. चुकीचं काही निघालं तरी दुरुस्त करत नसत. एखादा नवखा विचारी, आप्पा, तुम्ही एवढे मोठे खेळाडू, धावायचा सराव किती करायचात? तेव्हा त्यांचं ठरलेलं वाक्य येई. "पयाडानं ते बॉलले. आपन कसाले पयवानं?" पळवायचं चेंडूला, आपण कशाला पळायचं. दुसरं एक वाक्य होतं: "उजवा पाय उभा ऱ्हावासाठे, डावा बोलासाठे." उजवा उभं राहायला, डावा बोलायला. बाकी त्यांचं बोलणं फार नसे. बायको लवकर वारली होती, एकुलती मुलगी लता दोंडाईच्याला दिलेली. सोमवार ते शनिवार त्या ओट्यावर मी दुसरं माणूस पाहिल्याचं आठवत नाही.

निघताना प्रत्येक जण त्यांच्या पाया पडे, पण दोन्ही नाही, फक्त डाव्या. ही तिथली रीतच पडली होती. आप्पाही तेवढाच पाय पुढे करून बसत, उजवा ओट्याखाली.

मिल बंद पडली, तेव्हा पहिल्या दसऱ्याला या लोकांपुढे प्रश्न आला. दसऱ्याला कामगार आपल्या यंत्राची पूजा करतो. मिलला टाळं. तेव्हा भिलाकाका म्हणाले, मिलचं एकच यंत्र चालू हालतीत बाहेर राहिलंय, त्याची करू. चेष्टेत म्हणाले आणि चेष्टेतच आप्पांचा डावा पाय परातीत ठेवून धुतला, हळद-कुंकू लावलं, झेंडूची फुलं वाहिली, नारळ फोडला. दुसऱ्या वर्षी चेष्टा राहिली नाही. बायका निरांजन घेऊन येऊ लागल्या. दुसऱ्या कारखान्यांत लागलेले लोक तिथली पूजा उरकून इकडे येत. कुंकवाचा पाय दिवसभर धुवायचा नाही, असंही कोणीतरी ठरवलं. मला हे सगळं जास्तीचं वाटे, पण परात आमच्या घरून जायची आणि पूजेचं पाणीही.

ज्या दसऱ्याबद्दल मला लिहायचं आहे, त्याच्या आधी महिनाभर आप्पा म्हणत होते की पाय गार पडतो, मुंग्या येतात. साखर होती त्यांना. औषधाच्या गोळ्यांपेक्षा कारल्याच्या रसावर भरवसा. मी म्हटलं, यंदा पाणी गरम करून देते, बरं वाटेल. गॅसवर पातेलं चढवलं. त्या दिवसांत माझ्याकडे दिवाळीच्या साड्यांचं काम असतं. सहा बायका खाली लेस लावायला बसलेल्या, त्यांतली एक लेस उलटी लावत होती, ती उसवायला मी खाली गेले. तेवढ्यात नवरा येऊन उकळतं पाणी तांब्यात ओतून घेऊन गेला. मी समजले, गार पाण्याचं विसण तिथे घालतील. ते समजले, मी घालूनच दिलंय.

अंघोळीच्या पाण्यात मी बोट घालून बघते. पूजेच्या पाण्यात बोट घालत नाहीत. तिथेही कोणी घातलं नाही. तांब्या उपरण्यात धरून भिलाकाकांनी पाणी ओतलं आणि हातानं पाय चोळला. रंगखात्यात वाफाळतं कापड ओढून ओढून त्यांचे तळवे केव्हाच निबर झालेले, त्यांना काय कळणार. मी निरांजन घेऊन पोचले तेव्हा पाय पुसून झाला होता आणि भिलाकाका कुंकू लावत होते. मी विचारलं, आप्पा, पाणी बरोबर होतं ना? ते म्हणाले, "मस्त व्हतं, माय." पाय तांबडा दिसत होता, पण कुंकवाचा पाय तांबडाच दिसणार.

त्यानंतरच्या रविवारी आप्पांनी पायात मोजा घातला. लताने पाठवलाय, म्हणाले. लोक मोज्यालाच हात लावून जाऊ लागले. दिवाळीत मी फराळाचं ताट घेऊन गेले तेव्हा खोलीत वास येत होता. मेलेल्या उंदराचा असतो तसा. मी ताट खाली ठेवलं आणि मोजा काढा म्हटलं. ते नको म्हणाले, मी काढला. पावलावरची कातडी गेलेली होती आणि दोन बोटं काळी पडली होती. मी त्यांना तसंच रिक्षात घालून सरकारी दवाखान्यात नेलं.

डॉक्टर तरुण होता. त्यानं पाय पाहिला आणि पहिलं वाक्य बोलला की हे भाजलेलं आहे, कशानं भाजलं? आप्पा भिंतीकडे बघत म्हणाले, चा सांडना. मी दिवस मोजले. आप्पांकडे चहाचं पातेलं केवढं असायचं ते मला माहीत होतं. एका कपाचं. त्या पातेल्यानं अख्खं पाऊल भाजत नाही. माझं पाणी कुठे पडलं असेल ते मला तिथेच, त्या बाकावर बसल्या बसल्या कळलं. डॉक्टर म्हणाला, गुडघ्याखालून काढावा लागेल, आठवडा थांबलात तर गुडघ्यावरून, आणि त्याहून थांबलात तर मला विचारू नका.

दुसऱ्या दिवशी सगळे दवाखान्यात आले. भिलाकाका खाटेच्या पायथ्याशी उभे राहिले, दोन्ही हात पसरून, जणू कोणी आत्ताच करवत घेऊन येणार होतं. त्यांचं म्हणणं, नवापूरकडे एक माणूस पाल्याचा लेप देतो, सडलेला हात बरा केलेला त्यांनी स्वतः पाहिलाय. माझा नवराही त्यांच्याच बाजूनं. म्हणाला, "दुसऱ्या कोणाचा असता तर मीच म्हटलं असतं, काढा. हा पाय आप्पांचा एकट्याचा नाही." मी विचारलं, मग ताप कोणाला आलाय? आप्पा वर पंख्याकडे बघत पडून होते, आणि चौदा माणसं त्यांच्या पायाकडे बघत होती.

सगळे गेल्यावर आप्पांनी मला जवळ बोलावलं. मला वाटलं, दुखेल का विचारतील. त्यांनी विचारलं, "पाय गया ते आईतवारे कोन येई, माय?"

माझ्याकडच्या बायका लाइट गेल्यावर विचारतात, केव्हा येईल, आणि मी सांगते, येईल आत्ता. मला काय माहीत असतं? पण हात थांबून चालत नाही. त्याच आवाजात मी सांगितलं, सगळे येतील. त्यांनी कागदावर अंगठा दिला.

ऑपरेशन नीट झालं. लता येऊन चार दिवस राहिली, रडली, तिच्या घरी सासू अंथरुणाला खिळलेली होती म्हणून गेली. आप्पा घरी आले, त्या पहिल्या रविवारी ओट्यावर पाय ठेवायला जागा नव्हती. फळं, बिस्किटं, शहाळी. बोलणं मात्र कोणाला सुचेना. मग एकानं नेहमीसारखा गोल सुरू केला. बरोबरी, दोन मिनिटं, कॉर्नर, भिलाकाकांची बिडी, सगळं आलं. आणि आप्पांनी डावा, असं म्हणून तो थांबला. पुढे जाता येईना, मागे येता येईना. शेवटी तो उठला आणि निघायचं म्हणून वाकला. हात सवयीनं डावीकडे गेला, तिथे लुंगीची घडी होती, मग त्यानं उजव्या पायाला हात लावला. आप्पांनी तो पाय मागे घेतला. म्हणाले, "ह्याले नको रे. हाऊ नुसता उभा ऱ्हायना जन्मभर." ते हसले. दुसरं कोणी हसलं नाही.

पुढच्या रविवारी सात जण आले. मग तीन. होळीपर्यंत कोणीच नाही. भिलाकाका शेवटपर्यंत येत राहिले, पण ओट्यावर बसत नसत. रस्त्यात उभे राहून तब्येत विचारत आणि आप्पा बरी म्हणायच्या आत पुढे निघत.

मला वाटलं होतं, माणसं कंटाळली असतील. तसं नव्हतं. दोन गल्ल्या सोडून पानाच्या टपरीशेजारी एक बाकडं आहे. एका रविवारी दोरा आणायला गेले तर तिथे सगळे होते, माझा नवरासुद्धा. भिलाकाका उभे राहून हात वळवून दाखवत होते, चेंडू कसा वळला ते. दहा वाजले होते, नेहमीची वेळ. घरी आल्यावर मी नवऱ्याला विचारलं, आप्पा दोन गल्ल्यांवर जिवंत बसलेत आणि तुम्ही तिथे त्यांच्या आठवणी काय काढता? तो पायमोजे घडी करत बसला. मग म्हणाला, "तिथं त्यांना दोन पाय आहेत. ओट्यावर गेलं की एकच." मी त्याला वाईट म्हणणार नाही. शाळेत असताना मैदानाच्या भिंतीवर बसून त्यानं तो गोल पाहिला होता, आणि त्याच्या आयुष्यात पाहण्यासारखं फार काही घडलेलं नाही. पण मी त्या दिवशी त्याच्याशी बोलले नाही.

मी जात राहिले. दर रविवारी, जेवणं उरकून. भाकरी-भाजी नेई, उजव्या पायाचा तळवा तपासून बघे, कारण डॉक्टरनं सांगितलं होतं की आता हा सांभाळा. मग लेस लावायची एखादी साडी घेऊन बसे. रिकामं बसायला मला जमत नाही. आप्पा आणि माझ्यात बोलण्यासारखं काही नव्हतं. त्यांच्यापाशी फुटबॉल होता आणि तो मला येत नव्हता. ते लेसकडे बघत. एकदा म्हणाले, कोपऱ्यावर वळवताना तू दोरा ढिला सोडतेस, तिथेच सगळी गंमत आहे. तेवढंच. समोरच्या गल्लीतून ओळखीची माणसं जात आणि आप्पांचा हात अर्धवट वर होई. काही पाहत, काही फोनवर बोलत असल्यासारखं करत.

त्यांचा शेवट इथेच सांगून टाकते. गेल्या उन्हाळ्यात ते गेले, झोपेत, हृदय बंद पडून. सकाळी दूधवाल्याला कळलं. लगेच फ्लेक्स लागला, त्यावर खांद्यापर्यंत केस असलेला तरुण, दोन्ही पायांवर उभा. एवढी माणसं जमली की गल्लीतून रिक्षा जाईना. भिलाकाकांना दोघांनी धरून आणलं होतं. त्या दिवशी मी तो गोल निदान पाच जणांच्या तोंडून पूर्ण ऐकला, कोणीही मध्ये अडखळलं नाही.

पण मला सांगायचं आहे ते त्याच्या आधीच्या जानेवारीतलं. उतराणनंतरचा रविवार होता. उरलेल्या पतंगांसाठी लोक अजून गच्च्यांवर होते, खाली गल्लीत शुकशुकाट. तारांना मांजा लोंबत होता. मी लेस लावत बसले होते. आप्पांनी विचारलं, "तू कसाले येस, माय? तुले ते खेळ आवडत नही."

सव्वा वर्ष मी हे कोणाला बोलले नव्हते. नवऱ्यालाही नाही, कारण तांब्या त्यानं नेला होता. भिलाकाकांना तर नाहीच. मी सुई साडीत खोचून ठेवली आणि सांगितलं. पाणी मी तापवलं होतं, विसण घातलं नव्हतं, बोट घालून पाहिलं नव्हतं. चहा नव्हता सांडला. पाय माझ्या पाण्यानं गेला.

आप्पा रागावतील किंवा रडतील, यांपैकी एक होईल अशी माझी तयारी होती. ते म्हणाले, "माले माहित शे. वाफ दिसनी व्हती."

मला कळेना. वाफ दिसली होती, मग पाय मागे का घेतला नाही?

"काय सांगू? त्या पायले काहीच समजे ना, वरीस व्हई गयं व्हतं. बोलतू ते समदासले समजतं, पाय मरेल शे." मग माझ्या मराठीत, बहुधा मला नीट कळावं म्हणून: "एवढे हात जोडून उभे होते. मेलेल्या पायाची कोण पूजा करतं?"

वर्षभर तो पाय मेलेला होता, आम्हाला नुसत्या मुंग्या सांगितल्या, आणि दर रविवारी ते तो पुढे करून बसत होते. हात लागलेला त्यांना कळतही नव्हता. ते नुसते वाकलेली डोकी बघत असणार.

"आते तुले समजनं," ते म्हणाले. "तुनी चूक नही. आते तू मोकयी. रविवारनी दुपार घरी झोप."

मी साडीची घडी घातली, डबा घेतला, चपला घातल्या. पायरीवर उभी राहून मी त्यांना सांगितलं की पुढच्या रविवारी नंदुरबारला पुतणीचं लग्न आहे, जमणार नाही. सोमवारी येते.

"सोमवारे काय शे?"

काही नाही, म्हटलं.

सोमवारी दुपारी तीनला मी गेले. पुरुष सगळे कामावर, गल्लीत फक्त लूमचा आवाज. आप्पा दारात बसले होते, दाढी केलेली, सदरा इस्त्रीचा. त्यांच्या शेजारी प्लॅस्टिकची एक खुर्ची होती. त्यांच्या घरात खुर्ची नव्हती. ती समोरच्या घरातली. कुबडी सांभाळत त्यांनी ती रस्ता ओलांडून कशी आणली, ते मी विचारलं नाही. ऊन येत होतं म्हणून मी खुर्ची जरा आत ओढली आणि बसले.